प्राध्यापकी सोडण्याचा हिशेब

पावसाळ्याच्या तोंडी, महाविद्यालये नुकतीच उघडलेली असतात त्या दिवसांत, साताऱ्याहून मेढ्याकडे जाणाऱ्या सकाळच्या एस.टी.त एक विशिष्ट प्रवासी हमखास दिसतो. वय पस्तिशीच्या पुढे गेलेले, हातात जेवणाचा डबा, पिशवीत दोन संदर्भग्रंथ आणि खिशात नेमणुकीचे पत्र. हे पत्र या शैक्षणिक वर्षापुरतेच, किंबहुना या वर्षात तो प्रत्यक्ष जे तास घेईल तेवढ्यांपुरतेच खरे असते. गावात त्याला 'सर' म्हणतात, सोयरिकीच्या बोलण्यात घरची माणसे 'मुलगा प्रोफेसर आहे' असे अभिमानाने सांगतात आणि दिवाळीच्या सुटीत मुंबईहून आलेले भाऊबंद त्याच्याकडे मुलांच्या शिक्षणासंबंधी सल्ला मागतात. परंतु त्याच दिवाळीच्या सुटीचे वेतन त्याला मिळत नाही, हे त्या भाऊबंदांना ठाऊक नसते आणि तोही ते बोलून दाखवीत नाही. शासनाच्या भाषेत तो 'तासिका तत्त्वावरील' अध्यापक होय.

हा एकटा मेढ्याचा प्रवासी नव्हे. पाटण, शिराळा, आटपाडी, जत अशा कोणत्याही तालुक्याच्या वाटेवर तो भेटतो. त्याच्यासंबंधी जे लिहिले-बोलले जाते ते बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते: रिक्त पदे केव्हा भरणार? प्रश्न रास्त आहे व तो विचारलाच पाहिजे. परंतु त्याच्या सावलीत दुसरा एक प्रश्न उभा असतो आणि त्याला मात्र कोणी तोंड देत नाही. शिकवण्याचे हे काम सोडून या माणसाने दुसरी वाट धरावी काय? धरली तर ती हार समजावी काय? घरात हा विषय निघाला की आवाज खाली येतो, सहकाऱ्यांत निघाला की थट्टेवारी नेला जातो. ज्या प्रश्नाची उघड चर्चा होत नाही त्याचा निर्णय माणसे एकटीने, उशिरा आणि चुकीच्या वेळी घेतात. म्हणूनच या प्रश्नाचा हिशेब एकदा उघड मांडणे इष्ट ठरेल.

न संपणारी प्रतीक्षा

प्रथम ही प्रतीक्षा कशी लांबत गेली ते पाहू. अध्यापकपदासाठी राष्ट्रीय पात्रता परीक्षा १९८९ साली सुरू झाली आणि १९९१ च्या नियमांनी पात्रतेची ही अट प्राध्यापकीच्या दारावर बसली. पुढे राज्याची 'सेट' परीक्षा आली. मधल्या काळात एम.फिल. पदवीला सवलत मिळाली, ती काढली गेली, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही पदवीच बंद करण्याचे ठरविले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी विद्यापीठीय विभागांतील सहायक प्राध्यापकपदासाठी २०२१ पासून पीएच.डी. अनिवार्य ठरविली. त्या अंमलबजावणीला मुदतवाढ देण्यात आली आणि २०२३ साली ती अट ऐच्छिक करण्यात आली. या अटीवर भरवसा ठेवून ज्यांनी उमेदीची पाच-सहा वर्षे प्रबंधात घातली त्यांचे ज्ञान वाया गेले नाही, हे खरे. परंतु ज्या दारासाठी त्यांनी किल्ली घडविली त्याचे कुलूपच मध्यंतरी बदलले गेले.

पदभरतीची कथाही निराळी नाही. २०१८ साली राज्य शासनाने महाविद्यालयांतील ३५८० सहायक प्राध्यापकपदे भरण्यास मान्यता दिली. भरती पूर्ण होण्यापूर्वीच करोनाचे संकट आले, मे २०२० मध्ये शासनाने नव्या नोकरभरतीवर निर्बंध घातले आणि राहिलेल्या पदांपैकी २०८८ पदांना पुन्हा मान्यता मिळाली ती २०२१ च्या अखेरीस. मान्यता मिळणे, जाहिरात निघणे, बिंदुनामावली तपासली जाणे, मुलाखत होणे आणि नेमणुकीस विद्यापीठाची मंजुरी येणे या प्रत्येक पायरीला वर्ष-सहा महिने लागू शकतात. मधल्या काळात उमेदवाराचे वय थांबत नाही.

येथेच या प्रतीक्षेतील खरा सापळा आहे. राष्ट्रीय पात्रता परीक्षेस सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठी वयाची कमाल मर्यादा नाही. पन्नाशीचा उमेदवारही ती देऊ शकतो. उदार वाटणारी ही सवलत प्रत्यक्षात मोठी घातक ठरते, कारण अन्य नोकऱ्यांची दारे वयाच्या हिशेबाने बंद होत असतात. राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची वयोमर्यादा सर्वसाधारण उमेदवारास ३८ वर्षे व मागासवर्गीयांस ४३ वर्षे आहे. केंद्रीय नागरी सेवांस सर्वसाधारण उमेदवारास ती ३२ वर्षेच. ज्या दारापुढे माणूस उभा आहे ते बंद झाले असे कोणी त्याला कधी सांगत नाही. आणि जी दारे त्याच्या पाठीमागे होती ती एकेक करून लागत जातात. त्यांचा आवाजही त्याला ऐकू येत नाही. प्रतीक्षेला शेवट नसणे म्हणजे आशा असणे नव्हे, हे ध्यानात यावयास माणसाची चाळिशी उलटते.

जावळीतील बाप आणि मुलगा

हिशेबाचा दुसरा भाग पैशाचा. तासिकेचे दर शासन वेळोवेळी बदलते. म्हणून उदाहरणापुरता तासाला एक हजार रुपये असा उदार दर धरून चालू. आठवड्याचे नऊ तास आणि महिन्याचे चार आठवडे धरले तर छत्तीस हजार रुपये होतात. परंतु नेमणूक जुलै-ऑगस्ट उजाडल्यावर होते, परीक्षेच्या काळात तास नसतात, सुट्ट्यांत नसतात. तेव्हा वर्षातील आठ महिनेच पूर्ण काम मिळाले असे समजले तर वर्षाची प्राप्ती दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार, म्हणजे दरमहा सरासरी चोवीस हजार. सातव्या वेतन आयोगानुसार नियमित सहायक प्राध्यापकाचे आरंभीचे मूळ वेतनच ५७,७०० रुपये आहे; महागाई भत्ता व घरभाडे त्याहून निराळे. एकाच वर्गात, एकाच फळ्यावर, एकाच अभ्यासक्रमाचा तोच धडा शिकविणाऱ्या दोन माणसांत हे अंतर आहे. शिवाय त्या चोवीस हजारांतून एस.टी.चे भाडे जाते, आणि मानधनाची रक्कम हातात पडण्यास जो विलंब लागतो त्याचे व्याज गावातील किराणा दुकानदार उधारीच्या रूपाने सोसतो.

जावळी तालुक्यात हा हिशेब विशेष बोचरा होतो, कारण येथे तुलनेस दुसरे उदाहरण घरातच असते. वेण्णा आणि कोयनेच्या खोऱ्यांतील या डोंगराळ मुलखात भातखाचरे अपुरी. घरटी एक तरी पुरुष मुंबईला जावयाचा, हा पिढ्यान्पिढ्यांचा रिवाज. मस्जिद बंदरच्या गोदामांत आणि पुढे वाशीच्या बाजारात पाठीवर गोण्या वाहणाऱ्या माथाडींत जावळी-पाटणच्या माणसांचा भरणा मोठा. एके काळी हा हमाल रोजच्या रोज नाक्यावर उभा राहून काम मिळण्याची वाट पाहत असे. मिळाले तर मजुरी, न मिळाले तर उपास. अण्णासाहेब पाटील यांच्यासारख्या नेत्यांनी संघटना उभारली आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. कामगाराची मजुरी मंडळामार्फत देणे, तिच्यासोबत भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस आणि रजेचे पैसे यांसाठी मालकाकडून अधिभार घेणे ही व्यवस्था त्या कायद्याने घातली. काम हंगामी आणि मालक अनेक असले तरी कामगाराचे आयुष्य हंगामी राहता कामा नये, हे त्या कायद्यामागील सूत्र होते. त्या कायद्याची अंमलबजावणी सर्वत्र निर्दोष झाली असे नव्हे. परंतु तत्त्व मान्य झाले.

आता असे घर डोळ्यांपुढे आणावे, की ज्यात मंडळाकडे नोंदलेला बाप तीस वर्षे ओझी वाहून निधी व उपदान घेऊन गावी परतला आणि त्याच कमाईवर दोन विषयांत पदव्युत्तर झालेला मुलगा तासाच्या मोलाने शिकवितो आहे. बापाला जी सुरक्षितता कायद्याने दिली ती मुलाला विद्येने मिळवून दिली नाही. नाक्यावर उभे राहण्याची जी पद्धत हमालांच्या बाबतीत अन्याय्य ठरवून मोडण्यात आली, तीच उच्च शिक्षणात मुलाखतीच्या नावाने दर पावसाळ्यात पुन्हा भरते. 'शिक, म्हणजे गोणी उचलावी लागणार नाही' हे बापाचे वचन खोटे ठरले नाही. परंतु ते अर्धेच खरे ठरले. आणि या अर्ध्या सत्याची किंमत मुलाने मुकाट्याने भरावी, अशी समाजाची अपेक्षा असते.

माणसे का थांबतात

मग अशी माणसे थांबतात का? ती अव्यवहारी असतात असे म्हणणे सोपे आहे, पण खरे नाही. थांबण्याची तीन कारणे दिसतात. एक म्हणजे शिकविण्याची खरी आवड. ज्याने एखादी अवघड कल्पना पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर उमटताना पाहिली आहे, त्याला ते समाधान दुसरीकडे सहज मिळत नाही. दुसरे कारण प्रतिष्ठेचे. 'सर' ही उपाधी मानधनापेक्षा मोलाची वाटते आणि ती सोडताना आपण आपले नावच सोडतो आहोत असा भास होतो. तिसरे कारण मात्र शुद्ध हिशेबी चुकीचे आहे. 'इतकी वर्षे घातली, आता कसे सोडू?' हा तो युक्तिवाद.

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकविले जाणारे एक साधे तत्त्व असे, की जो खर्च होऊन गेला व परत मिळणार नाही तो पुढील निर्णयात धरावयाचा नसतो. बुडीत खर्च हा बुडीतच होय. पुढे जी वर्षे खर्चावयाची आहेत त्यांतून काय मिळेल आणि तीच वर्षे अन्यत्र घातली तर काय मिळेल, एवढीच तुलना निर्णयाला उपयोगी पडते. ज्याचे बारा वर्षांत काम कायम झाले नाही त्याने तेरावे वर्ष बारा वर्षांच्या नावाने नव्हे, तर तेराव्या वर्षाच्या स्वतःच्या शक्यतेवर तोलावयास हवे. बेचाळिसाव्या वर्षी नियमित नेमणूक मिळाली तरी साठीपर्यंत अठराच वर्षांची सेवा उरते. शिवाय नोव्हेंबर २००५ नंतर नेमलेल्यांना जुन्या पद्धतीचे निवृत्तिवेतन नाही. म्हणजे ज्या बक्षिसासाठी थांबावयाचे तेही दरवर्षी आकाराने लहान होत असते. हे तत्त्व वर्गात शिकविणारे अध्यापक स्वतःच्या आयुष्यात मात्र ते विसरतात, यात उपहास करण्यासारखे काही नाही. आपल्या वर्षांना बुडीत म्हणणे हे फळ्यावर लिहिण्याइतके सोपे नसते.

सोडून गेलेल्यांचा वारसा

सोडणे म्हणजे हरणे, ही समजूत या मातीच्या इतिहासालाही धरून नाही. आजच्या सांगली जिल्ह्यात, पूर्वीच्या औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर, १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. ती वसविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मूळचे शिक्षक. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ते यांत्रिक रेखाटन शिकवीत. बढतीच्या वेळी आपल्याला डावलले गेले असे दिसताच त्यांनी ती नोकरी सोडली आणि बेळगावला भावाबरोबर सायकलींच्या धंद्यात पूर्ण लक्ष घातले. पुढे लोखंडी नांगर केला, तर लोखंडाने जमीन नासते असे म्हणून शेतकरी तो घेईनात. पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली. हे सारे ठाऊक असलेला वाचक एक गोष्ट सहसा विसरतो. लक्ष्मणरावांनी नोकरी रागाच्या भरात सोडून अंधारात उडी घेतली नव्हती. सायकलींचे दुकान नोकरीत असतानाच सुरू झालेले होते. एक पाय जमिनीवर ठेवूनच त्यांनी दुसरा उचलला. आणि सोडली ती नोकरी. रेखाटनाची विद्या ते सोबत घेऊन गेले, म्हणूनच नांगर घडला.

योगायोग असा, की शिक्षकी सोडणाऱ्याने घडविलेले हे नांगर गावोगाव विकण्याचे काम पुढे ज्यांनी काही काळ केले ते भाऊराव पाटील नंतर शिक्षणाकडे आले. ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत फिरताना खेड्यांतील अज्ञानाचे जे दर्शन त्यांना घडले, ते १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना करताना त्यांच्या पाठीशी होते. एक माणूस शाळेतून कारखान्यात गेला, दुसरा कारखान्याच्या विक्रीतून शाळेत आला. सातारा-सांगलीचा मुलूख दोघांचाही ऋणी आहे. शिक्षण आणि व्यवहार यांच्यामध्ये भिंत आहे असे या दोघांपैकी कोणीही मानले नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे शालेय शिक्षण साताऱ्यात सुरू झाले, हे सर्वश्रुत आहे. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९२० साली त्यांनी ते पद सोडले. अपुरा राहिलेला लंडनचा अभ्यास पुरा करावयाचा होता. सुरक्षित पद हे साध्य नसून साधन आहे, हे त्यांनी जाणले होते. पुढे १९३५ साली तेच मुंबईच्या शासकीय विधि महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. एकदा बाहेर पडलेल्यास दार कायमचे बंद होत नसे, याचेही हे उदाहरण होय. आणि धनंजयराव गाडगीळ यांनी तर दोन्ही क्षेत्रे एकाच वेळी सांभाळली. १९३० पासून गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालकपद भूषवीत असतानाच ते प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. साताऱ्यातील वाणिज्य महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. त्या नावाचा अर्थ विद्यार्थ्यांना सांगितला जातो की नाही, हा भाग वेगळा.

अर्थात या थोरांच्या उदाहरणांनी भुलून जाण्याचे कारण नाही. जे यशस्वी झाले त्यांचीच चरित्रे लिहिली जातात. नोकरी सोडून दुकान काढले आणि दोन वर्षांत बुडाले त्यांचे चरित्र कोणी लिहीत नाही. म्हणून 'सोडा आणि उद्योगपती व्हा' हा उपदेश जितका पोकळ, तितकाच 'गावी येऊन स्ट्रॉबेरी लावा' हाही. ज्याच्या नावावर एकर-दीड एकर चढणीची जमीन आहे आणि ज्याच्या डोक्यावर बहिणीच्या लग्नाचे कर्ज आहे, त्याला असा उपदेश देणे हे क्रौर्यच होय. उदाहरणांतून घ्यावयाचा धडा एवढाच, की बाहेर पडण्यापूर्वी दुसरा आधार बांधावा, आपली विद्या मागे टाकू नये, आणि थांबण्याची मुदत स्वतःच ठरवावी. ती मुदत दुसरे कोणी ठरवून देणार नाही.

मग शिकविणार कोण?

यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. जाणते अध्यापक असे निघून गेले तर मेढ्यासारख्या ठिकाणी शिकविणार कोण? पुण्याचा विद्यार्थी दुसरे महाविद्यालय शोधील. केळघर-बामणोलीकडच्या मुलीला दुसरे महाविद्यालय नाही. घरच्यांनी तिला एस.टी.ने मेढ्यापर्यंत येऊ दिले हेच पुष्कळ झाले. तिच्या वर्गातील फळा रिकामा राहिला तर 'बुडीत खर्चा'चे तत्त्व तिच्या काय कामाचे?

आक्षेपातील कळकळ खरी आहे. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष खरा नाही. त्या मुलीच्या शिक्षणाची जबाबदारी समाजाची व शासनाची आहे. ती एका अध्यापकाच्या अगतिकतेवर टाकणे म्हणजे जबाबदारी उचलणे नव्हे. जो दुसरीकडे जाऊ शकत नाही म्हणून थांबला आहे त्याच्या थांबण्याला त्याग म्हणणे ही त्यागाची विटंबना होय. शिवाय डबा धरून एका गावाहून दुसऱ्या गावी, एका महाविद्यालयातून दुसऱ्यात तासांमागे धावणारा अध्यापक त्या मुलीला तरी किती देऊ शकतो? तासापुरता आलेला माणूस तास संपताच निघून जातो. ग्रंथालयाच्या पायरीवर बसून शंका विचारावयाची म्हटली तर तो तेथे नसतो. स्वस्त अध्यापनाची खरी किंमत अशी तिच्याकडूनच वसूल होते.

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली एक मार्मिक विवेचन केले. कोणतीही संस्था खालावू लागली की तिच्यातील माणसांपुढे दोन मार्ग असतात: बाहेर पडणे किंवा आवाज उठविणे, आणि निष्ठा या दोहोंमधील तोल सांभाळते. आपल्या महाविद्यालयांत ज्यांची नोकरी कायम आहे त्यांना आवाज आहे. २०१३ साली त्यांनी परीक्षेच्या कामावर दीर्घ बहिष्कार टाकला तेव्हा साऱ्या राज्याला तो ऐकू आला. तासिका तत्त्वावरील अध्यापकाने आवाज उठविला तर पुढल्या वर्षी त्याचे नाव यादीत असेलच असे नाही. ज्याला आवाज नाही व बाहेर पडण्याचीही वाट नाही, त्याची निष्ठा ही निष्ठा नसून कोंडी असते. बाहेर पडण्याची वाट खुली झाली तरच थांबलेल्याच्या शब्दाला वजन येईल. माणसे खरोखरच निघून जाऊ लागली, जाहिरात देऊनही तासाच्या मोलाने कोणी येईना, तरच रिकाम्या जागा भरण्याची निकड संस्थाचालकांस व शासनास भासेल. म्हणजे मेढ्याच्या वर्गातील फळा दीर्घकाळ लिहिता राहावा, यासाठीच सोडून जाण्याची शक्यता जिवंत असली पाहिजे.

दार दोन्ही बाजूंनी उघडे हवे

करावयाच्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. शासनाने विषयवार रिक्त पदांची संख्या व भरतीचे वेळापत्रक दरवर्षी ठरावीक तारखेस जाहीर करावे. पदे भरावयाची नसतील तर तसे स्पष्ट सांगावे. 'नाही' हे उत्तरदेखील उमेदवाराच्या हिताचेच असते; 'लवकरच' या शब्दाने जितकी आयुष्ये खाल्ली तितकी नकाराने खाल्ली नसतील. तासिका तत्त्व राहणारच असेल तर माथाडी कायद्याचे सूत्र तेथेही लावावे: मानधन दरमहा मिळावे, त्यासोबत भविष्यनिर्वाह निधी असावा, आणि केलेल्या कामाचे अनुभवपत्र मागितल्याबरोबर मिळावे. कर्मचारी हंगामी असला तरी त्याच्या हक्कांना हंगाम नसावा.

विद्यापीठांनी आपल्या संशोधक विद्यार्थ्यांना प्रबंधाच्या पहिल्या वर्षीच सत्य परिस्थिती सांगावी. जितक्या पीएच.डी. पदव्या दिल्या जातात तितक्या प्राध्यापकपदांची शक्यता नाही, हे जाणूनही ते न सांगणे ही प्रामाणिक गोष्ट नव्हे. अर्थशास्त्राचा, संख्याशास्त्राचा, भूगोलाचा किंवा मराठीचा संशोधक प्राध्यापकीखेरीज काय करू शकतो, याचे उत्तर विद्यापीठाजवळ तयार हवे. या दोन जिल्ह्यांत साखर कारखाने आहेत, सहकारी बँका आणि पतसंस्था आहेत, दूध संघ व शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत. ताळेबंद वाचता येणारा, पाहणी करता येणारा, शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत प्रकल्पाचा अहवाल लिहू शकणारा माणूस या संस्थांना हवा असतो. दहा वर्षे पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना अवघड विषय सोपा करून सांगणाऱ्याजवळ हे कौशल्य निश्चित असते. फक्त त्याच्या अर्जातील 'अनुभव' या रकान्यात ते कसे लिहावे हे त्याला कोणी शिकविलेले नसते, आणि संस्थांच्या चालकांनाही ते वाचता येत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली एक नवी योजना आणली. उद्योग, प्रशासन, कला अशा क्षेत्रांतील किमान पंधरा वर्षांच्या अनुभवी व्यक्तीस नेट अथवा पीएच.डी.च्या अटीविना प्राध्यापक म्हणून मर्यादित काळासाठी बोलावता येते. अशी पदे मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत असू शकतात. कल्पना स्वागतार्ह आहे. बाहेरच्या जाणत्याला आत येण्यासाठी दार उघडले गेले. परंतु आतल्या माणसाला बाहेर जाण्यासाठी व पुन्हा परतण्यासाठी पायरी कोणी बांधली नाही. जो अध्यापक आज पतसंस्थेत किंवा कारखान्यात जाईल, त्याला आठवड्यातून एक दिवस जुन्या वर्गात शिकविण्याचे निमंत्रण मिळावे; पंधरा वर्षांनी तो परतला तर त्याचा अनुभव हा उणीव न समजता भर समजावा. जाणे कायमचे नाही हे ठाऊक असले तर जाणे इतके जड होणार नाही.

आणि शेवटी घरच्यांची व शेजाऱ्यांची गोष्ट. 'सरांनी कॉलेज सोडले' हे वाक्य ज्या सुरात उच्चारले जाते तो सूर बदलला पाहिजे. जावळीचा माणूस गाव सोडून मुंबईला गेला म्हणून कोणी त्याला पराभूत म्हटले नाही. उलट त्याने पाठविलेल्या पैशांतून शाळा उभ्या राहिल्या, देवळांचे जीर्णोद्धार झाले, भावंडे शिकली. पोटासाठी गाव सोडणाऱ्याला हा मुलूख जो मान देतो, तोच पोटासाठी वर्ग सोडणाऱ्याला देण्यास हरकत कोणती?

पुढल्या जून-जुलैत साताऱ्याच्या स्थानकावर ती सकाळची एस.टी. पुन्हा लागेल. तीत बसणाऱ्याने आपल्या खिशातील पत्राबरोबर आणखी एक कागद ठेवावा आणि त्यावर स्वतःच्या हाताने एक तारीख लिहावी: या दिवसापर्यंत थांबेन, त्यानंतर दुसरी वाट धरीन. ती तारीख येईपर्यंत त्याने मनापासून शिकवावे. तारीख आली आणि पद आले नाही, तर त्याने मान खाली न घालता उठावे. आणि त्या दिवशी घरच्यांनी त्याला 'आता काय करणार?' असे विचारण्यापूर्वी 'बरे केलेस' एवढे तरी म्हणावे.